दुष्काळ, टंचाई आणि दुष्काळसदृश

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात येऊन पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येक वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण आटले होते. त्याच्या आदल्या महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम काढण्याची वेळ प्रशासनावर आली होती. असे असूनही मराठवाड्यातील या स्थितीला शासकीय कागदपत्रांत त्या दिवसापर्यंत 'दुष्काळ' असे नाव नव्हते. तिला 'दुष्काळसदृश परिस्थिती' असे म्हटले जात होते. 'दुष्काळसदृश' या शब्दाच्या जागी 'दुष्काळ' हा शब्द वाचावा, असा निर्णय राज्य शासनाने मे २०१६ मध्ये घेतला. ज्या एका शब्दासाठी शासनाला स्वतंत्र निर्णय करावा लागतो, तो शब्द भाषेच्या अभ्यासकानेही लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. या शब्दात पाऊस नाही, पाणी नाही, पीकही नाही. आहे तो केवळ काळ. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'सुकाळ' हाही काळाचाच वाचक होय. 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीत अधिक मासाने लांबलेल्या वर्षाचा धसका व्यक्त झाला आहे. म्हणजे तेथेही दुष्काळ मोजला जातो तो महिन्यांनी, पावसाच्या इंचांनी नव्हे. इंग्रजीत पाऊस न पडण्याला 'ड्रॉट' आणि अन्नावाचून माणसे मरू लागण्याला 'फॅमिन' असे दोन पृथक् शब्द आहेत. मराठीत पहिल्या अर्थी 'अवर्षण' हा शब्द असला तरी तो ग्रांथिकच राहिला आणि लोकव्यवहारात दोन्ही अर्थांचा भार एकट्या 'दुष्काळा'ने वाहिला. कारण कोणतेही असो, माणसांवर व गुराढोरांवर वाईट काळ आला की तो दुष्काळ, अशी ही लोकभाषेतील व्याख्या आहे. लोकांचा शब्द परिणामाला नाव देतो.

शासनाच्या शब्दाचे तसे नसते. त्याला श्रेणी लागते, मर्यादा लागते, मोजमाप लागते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश अंमलात दुष्काळविषयक संहिता तयार झाल्या आणि त्यांत 'स्कॅर्सिटी' व 'फॅमिन' अशा चढत्या पायऱ्या ठरविण्यात आल्या. पिकाची स्थिती रुपयाच्या सोळा आण्यांच्या प्रमाणात सांगण्याची पद्धत, म्हणजे आणेवारी, ही या मोजमापाचा पाया होती. १ एप्रिल १९५७ पासून चलनात दशमान पद्धती आली आणि कालांतराने आणेवारीची 'पैसेवारी' झाली. आज पन्नास पैशांहून कमी पैसेवारीचे गाव टंचाईग्रस्त गणले जाते. मात्र गावातील बोलण्यात ती अजूनही 'आणेवारी'च आहे. नाणे व्यवहारातून गेले, पण पिकाच्या मापात त्याचे नाव टिकून राहिले.

नांदेड आणि लातूर या भागांत या परिभाषेला आणखी एक थर आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूतील 'कहत' हा शब्द मूळ अरबी असून त्यात अवर्षण व अन्नान्नदशा असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. या बाबतीत तो मराठी 'दुष्काळा'चा सख्खा भाऊच म्हणावयास हवा. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याला मुंबई इलाख्यातील परिभाषेचा वारसा मिळाला. त्यातील प्रमुख शब्द 'टंचाई' हा होता.

यानंतर थोड्याच काळात एक असाधारण गोष्ट घडली. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच वगळली आणि तिच्या जागी 'स्कॅर्सिटी' ही संज्ञा घातली. शेतीच्या स्थितीवर शासनाची सतत देखरेख असते व टंचाईची चिन्हे दिसताच मदतकार्ये सुरू होतात, म्हणून दुष्काळाची अवस्था उद्भवण्यास वावच उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. ती सर्वस्वी पोकळ होती असे म्हणता येणार नाही. मदत वेळेवर पोहोचली तर अवर्षणाचे रूपांतर भूकबळींत होत नाही, हे तिचे गृहीत खरेच आहे. परंतु नऊच वर्षांनी १९७२ चे अवर्षण आले. लाखो माणसे खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर गेली आणि त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना उभी राहिली. त्या वर्षाला मराठवाड्यात आजही 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात; 'बहात्तरची टंचाई' असे म्हणणारा मनुष्य आढळणार नाही. कायद्याने जो शब्द रद्द केला, तो भाषेने रद्द केला नाही.

या दोन शब्दांतील भेद व्याकरणातही उमटला आहे. 'टंचाई' या शब्दाला सामान्यतः वस्तूची अपेक्षा असते: पाण्याची टंचाई, चाऱ्याची टंचाई. 'अकलेचा दुष्काळ' यासारखे लाक्षणिक प्रयोग सोडले, तर 'दुष्काळ' हा शब्द असा आधार मागत नाही. क्रियापदेही भिन्न आहेत. टंचाई 'भासते', 'जाणवते' किंवा 'निर्माण होते'. दुष्काळ 'पडतो', जसा पाऊस पडतो किंवा घाला पडतो. आता त्याला एक नवे क्रियापद जोडले गेले आहे: दुष्काळ 'जाहीर होतो'. पडलेला दुष्काळ आणि जाहीर झालेला दुष्काळ यांमध्ये जे अंतर पडते, त्याच अंतरात शेतकऱ्याचे वर्ष जाते. जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलातील सवलत, टँकर आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी ही सर्व पडलेल्या दुष्काळाच्या नव्हे, जाहीर झालेल्या दुष्काळाच्या मागून येतात.

'दुष्काळसदृश' हा शब्द याच अंतरात जन्मला. अलंकारशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो: सादृश्य सांगावयाचे तर भेद गृहीत धरावा लागतो. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणताना ते चंद्र नव्हे, हे मान्यच असते. तद्वत् 'दुष्काळसदृश' म्हणणे म्हणजे दुष्काळ नाही, असे सौजन्याने सांगणे होय. २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यानंतर इतर तालुक्यांतील अनेक महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करून सवलती देण्यात आल्या. म्हणजे २०१६ मध्ये मागे घेतलेला शब्द पुन्हा परतला, आणि तो एका स्वतंत्र श्रेणीचे नाव म्हणून आला.

शास्त्रीय परिभाषेनेही याच सुमारास आपली दिशा बदलली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०१६ मध्ये आपल्या वर्णनातून 'ड्रॉट' हा शब्द काढून टाकला व 'न्यून पर्जन्याचे वर्ष' या अर्थाची संज्ञा स्वीकारली. पाऊस मोजणे हे त्या विभागाचे काम, दुष्काळ ठरविणे नव्हे, ही त्यामागील दृष्टी तर्कशुद्ध आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळ जाहीर करण्यातील राज्यांच्या दिरंगाईवर टीका केली आणि केंद्राची नियमावली सुधारली गेली. तीनुसार पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, भूजल आणि उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती यांवरून 'मध्यम' व 'गंभीर' या श्रेणी ठरतात. २०१८ मध्ये या पद्धतीने १५१ तालुके निश्चित झाले. त्यांपैकी ११२ गंभीर आणि ३९ मध्यम होते. मोजमाप अधिक सूक्ष्म झाले, यात शंका नाही. परंतु निर्देशांक कितीही सूक्ष्म असले, तरी ती सर्व कारणांची व लक्षणांची मोजणी आहे; वाईट काळाची नव्हे.

हा भेद किती मूलगामी आहे, हे २०२५ च्या पावसाळ्यात दिसून आले. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली गेली आणि सप्टेंबरमध्ये लातूरसह मराठवाड्यातील जिल्ह्यांत अतिवृष्टीने उभी पिके व माती वाहून गेली. त्या वेळी सर्वत्र एकच मागणी होती: 'ओला दुष्काळ जाहीर करा.' नियमावलीत अशी संज्ञा नाही, मात्र दुष्काळाच्या वेळी मिळणाऱ्या सवलती लागू करण्यात येतील, असे शासनाने सांगितले. 'दुष्काळ' म्हणजे अवर्षण, असे मानणाऱ्याला 'ओला दुष्काळ' हा वदतोव्याघात वाटेल. परंतु ज्याच्या भाषेत दुष्काळ म्हणजे वाईट काळ, त्याच्या दृष्टीने तो अगदी सरळ शब्दप्रयोग आहे. काळ कोरडा असो की ओला, तो वाईट आहे एवढेच त्यातून सांगावयाचे असते.

तेव्हा लोकांना परिभाषा कळत नाही, हे या प्रश्नाचे निदान नव्हे. दोन्ही पक्ष एकच शब्द उच्चारतात, पण एकाला त्यातून मोजलेले कारण अभिप्रेत असते आणि दुसऱ्याला भोगलेला परिणाम. परिभाषा कठोर असावी, कारण तिच्यावर सार्वजनिक पैशाचा हिशोब अवलंबून असतो. मात्र लोकांच्या तोंडचा शब्द उचलून त्याचा अर्थ आकुंचित केला, तर त्या अर्थाबाहेर उरलेली माणसे आपल्यालाच वगळले असे समजतात, आणि त्यांचे ते समजणे चुकीचे नसते. मराठवाड्यातील बोलींत पाऊस, पीक, चारा आणि काळ यांच्या बऱ्यावाईट अवस्थांना जे शब्द आहेत, ते तालुकावार गोळा करून नियमावलीतील संज्ञांशेजारी मांडून पाहणे, हे या भागातील भाषाविभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. कोणत्या अवस्थेला लोकभाषेत नाव आहे आणि नियमावलीत नाही, हे त्या यादीवरून स्पष्ट होईल. आणि पुढील अर्ज नाकारला जाण्यापूर्वी ते स्पष्ट झालेले बरे.