मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी: भूकंपाचे दोन वेगळे आकडे

लातूर-नांदेडकडे जमीन हलली की पहिला प्रश्न येतो, "किती रिश्टरचा होता?" तो आकडा म्हणजे मॅग्निट्यूड. भूकंपातून किती ऊर्जा बाहेर पडली, ते त्यावरून कळतं. एका भूकंपाचं मॅग्निट्यूड एकच, लातुरात मोजा की दिल्लीत.

इंटेन्सिटी म्हणजे एखाद्या ठिकाणी बसलेला हादरा. ती गावागणिक बदलते. बल्ब तोच, पण जवळ उजेड जास्त आणि लांब कमी, तसंच हे.

मॅग्निट्यूड १ ने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २१ मार्च २०२४ चा हिंगोलीचा भूकंप ४.५ चा होता, नांदेडलाही जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ चा, म्हणजे जवळपास साडेतीनशे पट ऊर्जेचा! जमिनीखाली फार खोल नसलेलं केंद्र, दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं आणि पहाटेची झोपेची वेळ, म्हणून सुमारे दहा हजार माणसं गेली.

मॅग्निट्यूड आपल्या हातात नाही, घराची मजबुती आहे. नवं घर बांधताना भूकंपरोधक बांधकामाचा आग्रह धराच!