चैत्रात कूलर बाहेर काढताना

होळी झाली की विदर्भ-मराठवाड्यात माळ्यावरचा नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यातला कूलर खाली उतरतो. फडक्याने धूळ पुसली, नव्या ताट्या बसवल्या, की संध्याकाळी तो खिडकीत सुरू. पेरणीपूर्वी तिफणीचे फण पाहणारा आणि फवारणीपूर्वी पंपाचा वॉशर तपासणारा माणूस कूलरला मात्र तसाच जुंपतो. कूलरचा विजेचा धक्का बसून माणूस दगावल्याची बातमी मात्र दर उन्हाळ्यात आपल्या वाचनात येते. त्यात बहुधा पाणी भरणारी गृहिणी असते, किंवा खेळता खेळता पत्र्याला हात लावलेले मूल. म्हणून थंडाव्याचे नंतर पाहू, आधी विजेचे पाहू.

पत्रा, पाणी आणि वीज ही तिन्ही कूलरमध्ये एका जागी नांदतात. टाकीतल्या लहान पंपाची वायर पाण्यात असते. तिचे आवरण फाटले किंवा मोटारीत ओल शिरली की वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ते नसेल तर ती पत्र्यात वाट पाहत राहते, कोणाचा तरी ओला हात लागेपर्यंत.

तीन पिनांपैकी जी जाड, लांब पिन असते ती अर्थिंगची. पुष्कळ घरांत बोर्डाला तिसरे भोक असते, पण त्यामागे तारच जोडलेली नसते. जाणत्या वायरमनकडून बोर्ड उघडून हे एकदा पाहून घ्यावे. कूलरला दोन पिनांचा प्लग असेल तर तो बदलावा.

पुढची गोष्ट शेतकऱ्याला शहरातल्या माणसापेक्षा लवकर पटेल. अर्थिंगचा पाइप किंवा सळई मीठ-कोळसा घालून खड्ड्यात पुरलेली असते. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मातीतून जात नाही. आपली काळी जमीन वैशाखात कशी भेगाळते हे तुम्हाला सांगायला नको. ती पाइपापासून सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग ऐन उन्हाळ्यात, म्हणजे कूलर दिवसरात्र चालतो तेव्हाच, निकामी होते. तेव्हा पाइपाभोवतीच्या भेगा मातीने बुजवाव्यात आणि दोन-तीन दिवसांआड तिथे बादलीभर पाणी ओतावे. न्हाणीचे सांडपाणी तिकडे वळवले तरी काम भागते.

‘फ्यूज आहे ना!’ असे कित्येक जण म्हणतात. फ्यूज तारा जळू नयेत म्हणून असतो. पाच अँपिअरचा फ्यूज उडण्याच्या कितीतरी आधी माणूस जातो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण मिळते. दुकानदार त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात, जुने वायरमन ई. एल. सी. बी. त्याचा खर्च अगदीच थोडा आहे असे मी म्हणणार नाही, पण घरात कूलर आणि लहान मुले दोन्ही असतील तर तो करावाच.

पाणी भरताना, टाकी पुसताना, ताटी सरकवताना प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. काही घरांत बटण चुकून न्यूट्रल तारेवर जोडलेले असते, मग पाते थांबते पण आत वीज असतेच. कूलरवर ओले कपडे वाळत घालू नयेत आणि त्याच्याजवळ अनवाणी, ओल्या पायांनी जाऊ नये. कोणी चिकटलेच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने त्याला बाजूला ढकला, आणि लगेच दवाखान्यात न्या.

आता थंडाव्याचे. माठ आणि कूलर यांचे काम एकच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजली की पाणी गार होत नाही; ताट्यांचेही तसेच. बोअरच्या जड पाण्याने त्यांवर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा त्या झोडून, धुऊन उन्हात वाळवाव्यात. कडक झालेल्या ताट्या सरळ बदलाव्यात. पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच उरतात, आणि नुसती भर घालत राहिले तर पाणी दिवसेंदिवस खारट होते. कालव्याच्या पाण्याने जमिनी चोपण कशा झाल्या हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा हिशेब ठाऊक आहे. म्हणूनच टाकीतले हे उरलेले पाणी रोपांना घालू नये.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावी. क्षारांइतकेच हे डासांसाठीही आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यावर वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. नुसते पाणी ओतून दिले तर ती तशीच राहतात. काथ्याने किंवा ब्रशने टाकीच्या कडा घासाव्यात आणि टाकी दिवसभर कोरडी ठेवावी.

कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे, नाहीतर दमट हवा घरातच कोंडते. मृगाचा पाऊस लागला की हवेतच ओल असते, मग कूलर कितीही चालवा, घाम सुटणारच. तेव्हा तो बंद करून आवरावा. टाकी पुसून कोरडी करावी, गंज आलेल्या जागी रंग द्यावा, मोटारीवर कापड बांधावे. वायर गुंडाळून धान्याच्या कोठीपासून दूर, उंच टांगावी. कोठीपाशी उंदीर असतात आणि ते वायर कुरतडतात. पुढच्या फाल्गुनात कूलर उतरवताना ती वायर टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपून पाहावी. कुठे दात लागलेला दिसला तर त्यावर चिकटपट्टी न गुंडाळता सबंध वायर बदलावी.