बीदर–कलबुर्गी रेल्वेला वीस वर्षे का लागली? नांदेड मार्गासाठी धडा काय?

बीदर : ११० किलोमीटरचा मार्ग, वीस वर्षे आणि चौपट खर्च. बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्गाचा हिशेब थोडक्यात असा सांगता येतो. १९९७-९८ मध्ये मंजूर झालेल्या या मार्गाचा मूळ अंदाज सुमारे ३७० कोटी रुपयांचा होता. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्‍घाटन झाले, तोवर हा आकडा सुमारे १,५४२ कोटींवर गेला होता. आता औराद, देगलूरमार्गे बीदर–नांदेड रेल्वेची मागणी जोर धरत असताना, उशीर नेमका कुठे होतो हे समजून घेणे गरजेचे आहे.

दोष एकाचा नसतो

रेल्वे रखडली की कुणी खासदाराला बोल लावतो, कुणी ठेकेदाराला. प्रत्यक्षात अशा कामात रेल्वे, राज्य सरकार, महसूल खाते, वन खाते, ठेकेदार आणि शेतकरी असे सगळेच एकमेकांत अडकलेले असतात. मोजणी लांबली की जमिनीचा ताबा लांबतो. ताबा नाही म्हणून ठेकेदाराची यंत्रे उभी राहतात. तोवर सिमेंट, पोलाद, डिझेल महागते आणि सुधारित अंदाजपत्रक करावे लागते. ते पुन्हा मंजुरीला जाते, त्यात आणखी वेळ जातो, आणि तेवढ्यात दर परत वाढलेले असतात.

जमिनीचा पोतही यात भर घालतो. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे, तर कलबुर्गीकडे काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून भरावासाठी चांगला मुरूम लागतो. पठारावरून खाली उतरताना कमलापूरजवळ मरगुत्ती येथे दीड किलोमीटरहून लांब बोगदा करावा लागला. बोगद्याचे काम मागे पडले की दोन्ही बाजूंचे रूळ तयार असूनही गाडी धावत नाही.

अर्धा-अर्धा खर्च, दुप्पट वाट

या मार्गाचा निम्मा भार कर्नाटक सरकारने उचलला. भागीदारीमुळे कमी उत्पन्नाचे मार्गही मंजूर होतात, हा फायदा खरा. पण एका भागीदाराचा हप्ता चुकला की दुसऱ्याचे कामही मंदावते. महाराष्ट्रातला अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग याच धर्तीचा आहे. लांबी २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची, आणि बीडला पहिली गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ३५३ कोटींचा मूळ अंदाज ४,८०० कोटींच्या घरात गेला.

शेतकऱ्याच्या खात्यावर काय?

उशिराचे पैसे मागायची सोय ठेकेदाराला करारात असते. दरवाढीचे कलम असते, नाही जमले तर लवाद असतो. शेतकऱ्याचे तसे नसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाली की ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. बाजारभाव धरला जातो तो त्या अधिसूचनेच्या तारखेचा. कायद्यात १०० टक्के दिलासा रक्कम आणि निवाड्यापर्यंतच्या काळासाठी बाजारभावावर वर्षाला १२ टक्के जादा रक्कम आहे. तरी मधल्या काळात मुलीचे लग्न किंवा दवाखाना निघाला तर कर्ज काढायला ती जमीन उपयोगी पडत नाही. ज्याच्या हातात कामाचा वेग नाही, त्याच्याच माथी उशीर बसतो.

नांदेड मार्गासाठी

बीदर–नांदेड मार्ग दोन राज्यांतून जाणार. इकडे पहाणी, तिकडे सातबारा. दोन महसूल खाती, दोन तिजोऱ्या. म्हणजे बीदर–कलबुर्गीपेक्षा एक भागीदार जास्त. त्यामुळे भूमिपूजनाच्या तारखेपेक्षा चार गोष्टी आधी विचारायला हव्यात. दोन्ही राज्यांचा वाटा लेखी ठरला का? पुरेशी जमीन ताब्यात येण्याआधीच निविदा निघते आहे का? मोठे पूल आणि अवघड टप्पे आधी हातात घेतले जाणार का? आणि दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांची, रेल्वे अधिकाऱ्यांसह, ठराविक दिवसांनी एकत्र बैठक होणार का?

शेवटचा टप्पा रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीचा. त्यांच्या मंजुरीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी सोडता येत नाही. हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणजे घाई करणाऱ्यांच्या हाताबाहेरचा. ही एक वाट पाहणे मात्र प्रवाशाच्या भल्याचे आहे. बाकीची बरीचशी वाट वेळीच हिशेब मांडला तर कमी करता येते.