भाकरीचा प्रवास आणि आतड्यातील पेशी

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्यात, घरणी नदीच्या परिसरात, ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हा नित्याचा आहार होय. या अन्नाचे शरीरात नेमके काय होते, आणि दूषित पाण्याने हे कार्य कसे बिघडते, हे जाणून घेणे ग्रामीण आरोग्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

चार थरांची नलिका

मुखापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्ग ही एक अखंड नलिका आहे. तिच्या भिंतीत साधारणतः चार थर असतात. सर्वांत आत श्लेष्मल त्वचा, तिच्याखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा थर, त्यानंतर अन्न पुढे ढकलणारा स्नायूंचा थर आणि बाहेर संरक्षक आवरण. पचन व शोषणाचे मुख्य कार्य मात्र सर्वांत आतील थरातील पेशी करतात.

भाकरीतील पिष्टाचे पचन लाळेमुळे तोंडातच सुरू होते. जठरातील काही पेशी तीव्र आम्ल तयार करतात, काही पेशी वरणातील प्रथिने तोडणारे द्रव्य स्रवतात, तर श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी जठराच्या भिंतीचे त्या आम्लापासून रक्षण करतात.

लहान आतड्यातील श्रमविभागणी

लहान आतड्याच्या आतील बाजूस असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांवरील शोषक पेशी अन्नरस ग्रहण करतात. चषकाच्या आकाराच्या पेशी श्लेष्मा पुरवितात. काही पेशी संप्रेरके स्रवून पाचकरसांचे नियमन करतात. अंकुरांच्या तळाशी असलेल्या खळग्यांत जंतुनाशक द्रव्ये सोडणाऱ्या पेशी असतात. तेथील मूलपेशींपासून नव्या पेशी सतत निर्माण होतात. त्यामुळे आतड्याचे बहुतांश अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते.

अतिसारात काय घडते?

पटकीसारख्या रोगाचे जंतू दूषित पाण्यावाटे आतड्यात पोहोचले की त्यांच्या विषामुळे पेशींमधून क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत वाहू लागते. बालकाच्या जिवाला खरा धोका या शोषामुळे असतो. तथापि ग्लुकोज व मीठ एकत्रितपणे आत घेणारा शोषक पेशींचा मार्ग अशा वेळीही खुला राहतो आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. जलसंजीवनीचे सामर्थ्य यातच आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या उपायाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले.

जुलाबात अन्न बंद करावे, हा समज घातक आहे. आतड्याचे अस्तर नव्याने घडण्यासाठी पोषण लागते. म्हणून स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा, प्रत्येक जुलाबानंतर जलसंजीवनी द्यावी आणि वैद्यकीय सल्ल्याने १४ दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. मूल निस्तेज झाल्यास, पाणी पीत नसल्यास किंवा शौचातून रक्त पडल्यास त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

ग्रामपंचायतीने विहिरी व टाक्यांत टीसीएल पावडर नियमितपणे टाकली जाते की नाही हे पाहावे, शिक्षकांनी साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी आणि अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी जलसंजीवनीची पाकिटे आशा कार्यकर्तीपर्यंत पोहोचवावीत. आतड्यातील पेशी आपले काम अविरत करीतच असतात; त्यांना शुद्ध पाण्याची जोड देणे हे गावाचे काम होय.