सफारीत सिंहापेक्षा उतावळेपणा घातक

मुंबई-पुण्याच्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत केनिया-टांझानियाची सफारी आता नवलाची राहिलेली नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात सेरेंगेटीतून मसाई मारात येणारे विल्डबीस्टचे प्रचंड कळप पाहण्यासाठी मराठी पर्यटकही हौसेने जातात. निघताना अनेकांच्या मनात धास्ती असते ती सिंहाची. प्रत्यक्षात तिथे सांभाळावे लागते ते स्वतःला.

जीपपासून काही फुटांवर सिंह निवांत पहुडलेला दिसतो, त्याचे कारण त्याचा स्वभाव नव्हे. गाडी आणि तीत बसलेली माणसे ही त्याच्या लेखी एकच आकृती असते. ना भक्ष्य, ना शत्रू. छायाचित्रासाठी कोणी टपावर चढले, खिडकीतून धड बाहेर काढले वा खाली पाय ठेवला की ही आकृती मोडते. जून २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या लायन पार्कमध्ये मोटारीची काच खाली असताना सिंहिणीने एका अमेरिकी महिलेचा बळी घेतला. काचा बंद ठेवण्याचा नियम तिथे होताच. तरीही जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीत विल्डबीस्ट नदी ओलांडत असताना पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिल्याची चित्रफीत जगभर फिरली.

हत्तीपुढे मात्र गाडीचा आडोसाही अपुरा पडतो. झांबियाच्या काफुए राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२४ मध्ये चवताळलेल्या हत्तीने सफारीची गाडी उलटवली आणि एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. त्याच देशातील साउथ लुआंग्वा उद्यानात जुलै २०२५ मध्ये पिल्लासोबतच्या हत्तिणीने पायी निघालेल्या दोन पर्यटक महिलांना ठार केले. वाटाड्यांनी गोळ्या झाडूनही ती थांबली नव्हती. पिल्लू असलेला कळप दिसला की अंतर वाढवायचे, हा तिथल्या चालकांचा शिरस्ता आहे. ‘अजून थोडे पुढे घ्या’ असा आग्रह आणि जोडीला टिपेचे आमिष दाखवून तो मोडायला लावणारे पर्यटक स्वतःबरोबर अख्ख्या गाडीचा जीव टांगणीला लावतात. चालक ‘नाही’ म्हणाला की विषय संपला पाहिजे.

अनेक तंबूनिवासांना कुंपण नसते. पाणघोडा रात्री चरण्यासाठी पाण्याबाहेर पडतो आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये माणूस आला तर बिथरून अंगावर येतो. त्यामुळे अंधार पडल्यावर भोजनगृहापर्यंतचे पन्नास पावलांचे अंतरही पहारेकऱ्याला सोबत घेऊनच चालावे. आपल्याकडच्या सहलींत चिवडा, थेपले, लाडू यांचे डबे असतातच. ते तंबूत ठेवू नयेत. खाण्याच्या वासाने बबून माकडे आत शिरतात, फळांच्या मोहाने क्वचित हत्तीही येतो.

श्वापदांच्या या गोष्टी रंगतात खऱ्या, पण रस्ता आणि डास यांची कोणी चर्चा करीत नाही. नैरोबीहून माराला जाणारी वाट रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरून नारोकमार्गे जाते. अवजड ट्रकांची वर्दळ असलेला हा पाच-सहा तासांचा प्रवास दिवसाउजेडीच उरकावा आणि गाडीत पट्टा लावावा. जून २०२५ मध्ये केनियातील न्यांडारुआ परगण्यात कतारहून आलेल्या भारतीय पर्यटकांच्या बसला अपघात होऊन पाच भारतीय दगावले होते.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आवर्जून सांगावा. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. केनियाहून परतताना ते जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते.

राहता राहिला विमा. माराच्या माळरानावरून गंभीर जखमीला नैरोबीला न्यायचे तर विमानाशिवाय गत्यंतर नसते. अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था १९५७ पासून पूर्व आफ्रिकेत हे काम करते. मात्र आपल्या पॉलिसीत हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरला आहे की नाही, हे विमानात बसण्यापूर्वी घरीच वाचून घ्यावे.