निवटी चिखल खात नाही

‘निवटी? ती तर चिखल खाते!’ ठाणे-डोंबिवलीत हे वाक्य मासळीबाजारापासून लोकलच्या डब्यापर्यंत कुठेही कानावर पडतं. बोलणारा बहुधा पापलेट-सुरमईवाला असतो आणि जिवंत निवटी त्याने पाहिलीच असली, तर कळवा-ठाणे दरम्यानच्या खाडीपुलावरून, धावत्या गाडीतून.

आपल्या खाड्यांत मुबलक असलेली मोठी निवटी म्हणजे बोलिओफ्थॅल्मस ड्युसुमिएरी हा मासा. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर ऊन लागलं की डायटम या एकपेशीय शैवालाची तपकिरी साय धरते. निवटी खाते ती ही साय. डोकं डावी-उजवीकडे फिरवत, खालच्या जबड्यातल्या जवळजवळ आडव्या दातांनी ती वरचा पातळ थर खरवडते. त्यासोबत थोडा गाळ पोटात जातोच. साफ करताना आतडं काढतात ते उगीच नाही. पण ते आतडं लांब, वेटोळ्यांचं, म्हणजे शाकाहारी माशाचं असतं.

गंमत अशी की ऐरोलीहून बोटीत बसून जे फ्लेमिंगो बघायला आपण जातो, त्यातले लहान फ्लेमिंगोही ठाणे खाडीत शैवाल आणि डायटमच गाळून खातात. 2022 मध्ये ही खाडी रामसर स्थळ झाली, तेव्हा त्यांचं केवढं कौतुक झालं! त्यांना कुणी चिखलखाऊ म्हटलेलं ऐकलंय?

निवटी खावी का, ही शंका मात्र रास्त आहे, फक्त कारण वेगळं. ठाणे खाडीच्या गाळात जड धातू आढळल्याचे अभ्यास कित्येक वर्षं प्रसिद्ध होत आहेत. ते धातू निवटीने आणलेले नाहीत. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी कुठे जातं, हे एकदा विचारा. मग तिच्या जेवणाला नावं ठेवा.

बाकीचे समज किरकोळ. ती बेडकाची जात नाही, खरबी-कुळातला पक्का मासा आहे. तिला फुप्फुसं नाहीत. कल्ल्यांबरोबर ओली कातडी आणि तोंडातलं अस्तर हवेतला प्राणवायू घेतात, म्हणून ती सारखी लोळून अंग ओलं ठेवते. सगळ्या निवट्या शाकाहारीही नाहीत: पेरिओफ्थॅल्मस ही तिची छोटी भावकी किडे, खेकडे मटकावते. आणि भरतीला बिळात ती गुदमरत कशी नाही? मलेशियातल्या एका मोठ्या जातीवरचं उत्तर 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं: ती तोंडात हवा भरून नेते आणि बिळात साठवते.