पावसाचा मिलिमीटर आणि पिकाची तूट

महाराष्ट्रात १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे उभी राहिली, आणि विद्यापीठाचे शेतीशी नाते कसे असावे याविषयीची सर्वसामान्य कल्पना बहुतांशी याच संस्थांनी घडवली. विद्यापीठाने सुधारित वाण आणि शिफारशी द्याव्यात, कृषी सहायकाने त्या बांधापर्यंत पोहोचवाव्यात आणि शेतकऱ्याने त्या अंगीकाराव्यात, अशी ही रचना असून तिचा नमुना अमेरिकेत १८६२ च्या कायद्यानुसार सरकारी जमिनी देऊन उभारलेल्या विद्यापीठांचा होता. या रचनेचे राज्यावर मोठे उपकार आहेत. परंतु कोरडवाहू शेतीचा आजचा पेच वाणापेक्षा पाण्याचा अधिक आहे, आणि पाणी कोणाला, केव्हा व किती मिळावे हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच धोरणाचाही आहे. अशा प्रश्नासाठी विद्यापीठाने शासनाला निर्णयाची रीतच घडवून द्यावी लागते, आणि त्याचे एक ठळक उदाहरण अंधेरी व घाटकोपर यांच्या मधल्या पवईत सापडते.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पवई तलावाच्या काठी वसलेल्या आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे एक स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने काही आठवडे खेड्यात राहून तेथील एखादा प्रश्न मोजमापासह समजून घेणे हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. कर्जत, शहापूर, मोखाडा या तालुक्यांतील पिण्याच्या पाण्याच्या योजना का बंद पडतात याचा अभ्यास अशाच कामातून झाला. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील नळांना येणारे पाणी ज्या भातसा, तानसा, वैतरणा धरणांतून येते, ती धरणे मुख्यतः याच डोंगरी पट्ट्यात आहेत आणि त्याच पट्ट्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे उपनगरातील एका संस्थेने हा विषय हाती घेणे किती रास्त होते, ते उमजते.

या अनुभवाचा खरा कस लागला तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात. ग्रामीण भागात ‘पोकरा’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जाच्या आधारे २०१८ पासून राबवला गेला, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील १५ जिल्ह्यांमधील पाच हजारांहून अधिक गावे निवडण्यात आली. हवामानातील बदलांना तोंड देऊ शकेल अशी शेती उभी करणे हा त्याचा हेतू होता, आणि प्रत्येक गावाचे पाणी मोजण्याची पद्धत तयार करण्याचे काम प्रा. मिलिंद सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पवईतील गटाकडे आले.

या पद्धतीला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून गेले, किती मातीत ओलावा म्हणून राहिले, किती पिकाने घेतले आणि किती भूगर्भात मुरले, याचा दिवसागणिक मांडलेला हा जमाखर्च असतो. त्यासाठी महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रांचे पर्जन्यमान, जमिनीचा पोत, खोली आणि उतार यांचे नकाशे, तसेच गावातील पीकपेरा एकत्र आणला जातो.

हा हिशेब शेताच्या पातळीवर पाहिला की त्याचे मोल कळते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे दहा हजार लिटर पाणी मिळणे होय. हलक्या, मुरमाड जमिनीत मातीचा थर २५ सेंटिमीटरचा असेल आणि त्यात पिकाला घेता येईल असा ओलावा ३५ मिलिमीटरच्या आसपास मावत असेल, तर फुलोऱ्यातले सोयाबीन रोज साडेचार मिलिमीटर पाणी घेते असे धरल्यास ही शिदोरी आठवडाभरात संपते. उलट मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीडशे मिलिमीटर ओलावा टिकला तर तेच पीक महिनाभर तग धरते. म्हणजे पावसाने वीस दिवसांचा खंड दिला, तर भारी जमिनीचा शेतकरी निभावून नेईल, पण बांधापलीकडच्या हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला ५५ मिलिमीटरची, म्हणजे हेक्टरी साडेपाच लाख लिटर पाण्याची, तूट सोसावी लागेल, आणि ती भरून काढणारे एखाद-दुसरे पाणी, ज्याला संरक्षित सिंचन म्हणतात, वेळेवर मिळाले नाही तर दाणा भरणार नाही. वर्षभराच्या पावसाची बेरीज करून गावात पाणी पुरेसे आहे असे सांगणाऱ्या जुन्या पद्धतीत हा फरक दिसतच नव्हता, कारण खंडाचे दिवस आणि जमिनीची खोली या दोन्ही गोष्टी बेरजेत विरून जातात.

या हिशेबाचा अन्नधोरणाशी थेट संबंध आहे. रब्बीत हरभरा व ज्वारी घ्यावी की उसाखालचे क्षेत्र वाढू द्यावे, याचे उत्तर खरिपानंतर उरलेल्या पाण्याच्या आकड्यावरच आधारले पाहिजे. दुष्काळ ठरवतानाही केवळ पैसेवारीवर, म्हणजे पिकाच्या अंदाजित उताऱ्यावर, विसंबून राहण्याचे दिवस सरले असून केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत जमिनीतील ओलावा हा एक निर्देशक मानला गेला आहे.

तरीही ताळेबंदाची एक बाजू दुबळी आहे, आणि ती भूजलाची आहे. पाऊस यंत्राने मोजता येतो, परंतु गावातील शेकडो विहिरी आणि बोअर रोज किती पाणी उपसतात याची नोंद कोठेही होत नाही. प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी हे याचे सर्वांत चिंताजनक उदाहरण होय. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी अनुदान मिळालेली ही तळी अनेक ठिकाणी विहिरीच्याच पाण्याने भरली जातात, उन्हात त्यातील काही पाणी उडून जाते आणि शेजाऱ्याची विहीर मात्र लवकर आटते. सामाईक पाणी खासगी साठ्यात नेणाऱ्या अशा उपायाला सार्वजनिक पैसा देऊ नये, हे ताळेबंदाच्या आधारे ठामपणे सांगता आले पाहिजे.

खारपाणपट्ट्याचा पेच याहून वेगळा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक गावांचे भूजल खारट असल्याने तेथे विहीर असूनही सिंचन होत नाही. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने, जिला १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, हरियाणातील लाहली येथे अशाच खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्याचे तंत्र विकसित केले आहे. अर्थात ते पाणी शेवटी सोडायचे कोठे हा प्रश्न आधी सुटल्यावाचून असे तंत्र जसेच्या तसे विदर्भात उचलून आणणे धोक्याचे ठरेल.

पवईतील एका केंद्राने पद्धत घडवून दिली, तरी हजारो गावांत ती पडताळण्याचे काम त्याला पेलणारे नाही. उन्नत महाराष्ट्र अभियानातून राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपल्या परिसराच्या अभ्यासाकडे वळवण्याचा प्रयत्न २०१६ पासून सुरू झाला, त्याचे महत्त्व येथे आहे. लातूर किंवा यवतमाळ येथील विद्यार्थ्यांनी ऑक्टोबरात, रब्बीच्या पेरणीपूर्वी, विहिरींची पातळी मोजून संगणकाने मांडलेल्या ताळेबंदाचा आकडा तपासावा आणि ग्राम कृषी संजीवनी समितीसमोर तो मांडावा, एवढी व्यवस्था लावली, तर ज्या शेतकऱ्याच्या पिकाविषयी तो आकडा बोलतो त्याला तो खोडून काढण्याचाही अधिकार मिळेल.